नर्मदा परिक्रमा, थंडीतले पहिले दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा झाला की मला नर्मदा परिक्रमेबद्दल, म्हणजे नदी न ओलांडता दोन्ही तटांनी चालत घालायच्या प्रदक्षिणेबद्दल, फोन यायला लागतात. कोणी पुण्याचं, कोणी नाशिकचं, परवा एक ताई बेळगावहून बोलत होत्या. प्रश्न बहुतेक तेच असतात, आणि ते चौथ्या महिन्याबद्दल नसतात. ते असतात पहिल्या आठ-दहा दिवसांबद्दल, थंडीबद्दल आणि पाठीवरच्या ओझ्याबद्दल. मी छप्पन्नाव्या वर्षी, त्रिपुरी पौर्णिमा झाल्यावर, ओंकारेश्वरला संकल्प घेऊन दक्षिण तटानं चालत निघाले. सोबत शेजारच्या वहिनी होत्या. त्या अनुभवातून आणि नंतर गेलेल्या ओळखीच्या लोकांशी बोलून जे कळलं ते इथे लिहिते आहे.

कधी निघावं? थंडी ओसरल्यावर निघालं तर चालणार नाही का?

चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी थांबतात, म्हणून वाट उघडते ती कार्तिकी एकादशीनंतर. बरेच जण त्रिपुरी पौर्णिमा करून निघतात. आता हिशोब करा. नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर. दोन्ही तट धरले की २,६०० च्या पुढे जातं, आणि वाटेचे वळसे वेगळेच. रोज वीस-बावीस किलोमीटर चाललात तरी चार महिने लागतात. माघ संपायची वाट पाहून निघालात तर शेवटचे दोन महिने वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात जातील. ते ऊन थंडीपेक्षा फार वाईट. थंडीत अंगावर एक कपडा वाढवता येतो, उन्हात काय काढणार?

ओंकारेश्वरहून सुरुवात करावी की अमरकंटकहून?

शास्त्रानं दोन्ही चालतं, कुठूनही चालतं. पण थंडीपुरतं विचाराल तर मी ओंकारेश्वर सांगेन. अमरकंटक, म्हणजे नर्मदेचा उगम, हजार मीटरच्या वर आहे. मार्गशीर्ष-पौषात तिथे रात्री पारा शून्याच्या जवळ जातो आणि गवतावर दव गोठलेलं दिसतं. नवख्या अंगाला पहिल्याच रात्री एवढी थंडी कशाला? ओंकारेश्वरहून निघालात की आधी निमाड, म्हणजे मध्य प्रदेशातला नर्मदाकाठचा सखल भाग लागतो, मग शूलपाणीची झाडी, म्हणजे सातपुड्यातलं जंगल, मग समुद्र, आणि उत्तर तटानं अमरकंटकला पोचेपर्यंत माघ-फाल्गुन येतो.

एक गोष्ट विसरू नका. ओंकारेश्वराचं मंदिर मांधाता बेटावर आहे. संकल्प झाल्यावर नर्मदा ओलांडायची नसते, त्यामुळे ते दर्शन आधी करून घ्या. ममलेश्वराचं मंदिर दक्षिण तटावरच आहे, तिथे नंतरही जाता येतं.

निमाडात थंडी असते तरी किती?

दुपारी तुम्हाला वाटेल की स्वेटर उगीच आणला. पंचवीस-अठ्ठावीस अंश, चालताना घामाच्या धारा. त्याच दिवशी पहाटे दहाच्या आसपास, आणि उत्तरेकडून लाट आली की त्याच्याही खाली. हा जो दिवस-रात्रीतला फरक आहे, तोच पहिल्या दिवसांत माणसाला आजारी पाडतो. दुपारचा घाम बनियनमध्ये तसाच राहतो, पाच वाजता सूर्य कलतो, नदीवरून वारा सुटतो आणि पंधरा मिनिटांत दात वाजायला लागतात. आम्ही तिसऱ्या दिवशी एका आश्रमाच्या ओट्यावर टेकलो, चहा आला, गप्पा लागल्या. कपडे बदलायचं राहिलं. त्या रात्री वहिनींना जी हुडहुडी भरली ती दोन गोधड्यांनी जाईना.

तेव्हापासून नियम केला. मुक्कामाला पोचलं की चहाच्याही आधी अंगातले ओले कपडे काढायचे, अंग कोरडं पुसायचं आणि रात्रीचे कपडे घालायचे. बाकी सगळं नंतर.

पाठीवर किती ओझं असावं?

पाण्यासकट सहा-सात किलो. त्यापुढे प्रत्येक किलो तुमचे गुडघे मोजतात.

मी घरून निघाले तेव्हा सॅक साडेदहा किलोची होती. तीन साड्या, दोन पंजाबी ड्रेस, जाड शाल, स्टीलचा डबा, दोन पोथ्या, औषधांचं अख्खं दुकान. वाटेतल्या सनावदहून मी चार किलोचं पार्सल घरी पाठवलं. काय ठेवलं ते सांगते: चालायचे दोन जोड, झोपायचा एक जोड, हलका लोकरी स्वेटर, वारा अडवणारं पातळ जाकीट, कानटोपी, मोज्यांचे तीन जोड, झोपायची पिशवी, घडीची फोमची चटई, एक ताट-वाटी, छोटं पातेलं, टॉर्च, औषधं, पंचा आणि नर्मदाजलाची कुपी. जाड शाल मात्र परत पाठवल्याचं वाईट वाटलं नाही. एका जाड कपड्यापेक्षा एकावर एक दोन पातळ कपडे जास्त ऊब देतात, कारण मध्ये हवा अडकते, आणि चालताना एक उतरवता येतो.

सुती कपडे आपल्याला सोयीचे वाटतात, पण थंडीत घामाचा सुती कपडा लवकर वाळत नाही. अंगालगतचा एक तरी जोड लवकर वाळणाऱ्या कापडाचा घ्या. साडी नेसून चालणाऱ्या कितीतरी माई भेटतात आणि त्या छान चालतात. मात्र दवातून चालल्यावर काठ गुडघ्यापर्यंत भिजतो, तेव्हा थोडी उंच नेसा.

रात्री झोपताना थंडी कशी आवरायची? झोपच लागत नाही असं ऐकलंय.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर पांघरुणात शोधलं जातं. थंडी वरून कमी आणि खालून जास्त येते. धर्मशाळेची फरशी, मंदिराचा दगडी सभामंडप, शाळेचा व्हरांडा, सगळं अंगातली ऊब ओढून घेतं. दोन ब्लँकेटं मिळाली तर दोन्ही अंगावर घेऊ नका, एक खाली घाला. आसन, म्हणजे अंथरूण, लावायच्या आधी खाली पोतं, पुठ्ठा, जे मिळेल ते अंथरा. मागितलं तर गावात पोतं कोणीही देतं.

झोपायच्या पिशवीबद्दल एक अनुभव सांगते. दुकानदारानं मला शून्य अंशाला चालते म्हणून पिशवी दिली होती. मी ती दहा-बारा अंशांतच कुडकुडत वापरली. पिशवीवर लिहिलेला सगळ्यात खालचा आकडा म्हणजे जेमतेम तग धरता येईल तो. सुखानं झोप लागेल तो आकडा वेगळा असतो आणि वरचा असतो. तो बघून घ्या, आणि घरच्या गच्चीवर एक रात्र झोपून पाहा.

नाक-तोंड पिशवीत घालून झोपू नका. श्वासाचा ओलावा आत साचतो आणि पहाटे पिशवी दमट लागते. प्लास्टिकचा कागद अंगावर पांघरला तरी हेच होतं, आतून पाणी सुटतं. उघड्यावर झोपणं टाळा, नदीकाठी दव पावसासारखं पडतं. निदान झाडाखाली तरी आसन लावा.

चूल विझायच्या आत स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून, ती मोज्यात घालून पायाशी ठेवा. झोपायच्या आधी गूळ-शेंगदाणे खा, उपाशी पोटाला ऊब येत नाही. आणि रात्री लघवीला लागली तर उठा. थंडीच्या भीतीनं तासन्‌तास दाबून ठेवलं की ना झोप लागते ना ऊब वाटते.

आणि हे कळकळीनं सांगते: बंद खोलीत शेगडी किंवा निखारे ठेवून कधीही झोपू नका. त्या धुराला वास नसला तरी त्यात विषारी वायू असतो आणि माणूस झोपेतच जातो. शेकायचं ते अंगणात शेका.

पहाटे नर्मदेत थंड पाण्यानं स्नान करायलाच हवं का?

रोजचं स्नान-पूजन हा परिक्रमेचा भाग आहे, पण पहाटे चारलाच करा असं मैयानं, म्हणजे नर्मदेनं, कोणाला सांगितलेलं नाही. खरी गंमत अशी की थंडीच्या पहाटे नदीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असतं. म्हणूनच पाण्यावरून वाफा निघताना दिसतात. पाण्यात उतरायला जितकी भीती वाटते तितकं पाणी गार लागत नाही. बाहेर आल्यावर वारा लागतो तेव्हा खरं कळतं. म्हणून पंचा आणि कोरडे कपडे हाताशी, उलटे-सुलटे न करता, घालायच्या क्रमानं ठेवा. कानटोपी सगळ्यात वर.

गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ नका. परिक्रमेची रीत तशी आहे आणि शहाणपणही तेच. धरणातून पाणी सोडलं की पात्र बघता बघता वाढतं. साबण नदीत वापरायचा नाही. वयस्कर किंवा सर्दी-तापानं बेजार असाल तर गावातल्या हातपंपावर करा. जमिनीतलं पाणी पहाटे चक्क कोमट लागतं. मग किनाऱ्यावर जाऊन आचमन करा, कुपीतलं थोडं पाणी मैयेत सोडून ताजं भरून घ्या. आमच्या वहिनींनी पहिले पाच दिवस असंच केलं.

पहिल्या दिवशी किती चालावं?

ओंकारेश्वर ते मोरटक्का, साधारण बारा किलोमीटर. बस्स. दुसऱ्या दिवशी तेवढंच, तिसऱ्या दिवशी पंधरा. पहिल्या दहा दिवसांत अंतर कापायचं नसतं, अंग घडवायचं असतं. दम आठवड्यात वाढतो, स्नायूही लवकर सरावतात, पण तळव्याची कातडी, घोटे आणि गुडघ्याचे सांधे त्यांच्या मागून येतात. म्हणून पाचव्या दिवशी माणसाला वाटतं की आता मी तीस चालेन, आणि सहाव्या दिवशी नडगी धरून बसतो. जमातीत, म्हणजे परिक्रमावासींच्या घोळक्यात, तरुण मुलं पुढे निघून जातात. जाऊ द्या. पहिला टप्पा संपतो त्या बडवानीला पोचायला दीडशेच्या आसपास किलोमीटर आहे, आम्ही दहा दिवस घेतले.

सकाळी किती वाजता निघावं?

अंधारात निघायची पद्धत आहे, पण पौषात मी ती पाळली नाही. पायवाट शेतातून जाते, तूर खांद्याला लागते, आणि दवानं बूट-मोजे दहा मिनिटांत भिजतात. दिवसभर ओले मोजे म्हणजे फोड ठरलेले. सात-साडेसातला ऊन अंगावर आलं की निघा. अंगात थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे घालून निघा, पाव तासात अंग तापतं. स्वेटर घालून निघालात तर तो आतून भिजेल, आणि रात्री तुमच्याकडे कोरडा स्वेटर नसेल. दुपारी जेवायला थांबाल तेव्हा सॅकवरचे ओले पंचे-मोजे उन्हात पसरा. थंडीच्या दिवसांत तेवढाच एक तास वाळवणाचा मिळतो.

पायाला फोड आले तर?

फोड येण्याआधी दहा मिनिटं तो जागा दाखवतो. तिथे गरम वाटतं, चुरचुरतं. त्या क्षणी थांबा. पुढच्या गावात बघू म्हणालात की झालं. बूट काढा, पाय वाऱ्याला धरा, मोजा बदला, त्या जागी कापडी चिकटपट्टी लावा. निघताना बोटांच्या मधे आणि टाचेला व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावलं तर घासणं कमी होतं.

माझ्या डाव्या टाचेला चौथ्या दिवशी रुपयाएवढा फोड आला. एका गावातल्या आजींनी मला उंबऱ्यावर बसवलं, माझा पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला. मी ओशाळले, त्या म्हणाल्या, "मैया के पाँव हैं।" सुई दिव्यावर धरली, फोडाच्या कडेला खालून टोचली, कापसानं हलकं दाबून पाणी काढलं आणि वरची कातडी तशीच ठेवली. त्यांनी हळद लावली, मी नंतर मलम आणि पट्टी. कातडी ओढून काढायची नाही, तीच आतल्या जखमेचं पांघरूण असते. दुखत नसलेला लहान फोड टोचूच नका. मधुमेह असेल तर स्वतः अजिबात टोचू नका, दवाखान्यात जा.

बूट, सँडल की अनवाणी?

नवे बूट नकोत, एवढंच ठामपणे सांगते. घरी दोन महिने वापरलेले, एक नंबर मोठे बूट घ्या, कारण चालून पाय सुजतात. सोबत मुक्कामाला हलकी चप्पल. अनवाणी चालणाऱ्यांपुढे मी मान लववते, पण थंडीत टाचेच्या भेगांतून रक्त येताना पाहिलंय. ज्यांना सवय नाही त्यांनी देखादेखी करू नये.

जेवणखाणाची सोय होते का?

होते, आणि ती कशी होते हे पाहूनच अनेकांचं आयुष्य बदललं आहे. आश्रमात पोचलात की विचारतात, "कितनी मूर्ति हैं?" परिक्रमावासी म्हणजे मूर्ती. कुठे भोजनप्रसादी तयार मिळते, कुठे सदाव्रत, म्हणजे पीठ, डाळ, मीठ-मिरची हातात देतात आणि आपण रांधायचं. सकाळच्या खाण्याला बालभोग म्हणतात. गोवरीवर भाजलेले जाड टिक्कड आणि पातळ डाळ, यावर माणूस वीस किलोमीटर चालतो. गोवऱ्या संध्याकाळीच छपराखाली ओढून ठेवा, दवानं भिजल्या की नुसता धूर होतो.

थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी कमी प्यायलं जातं. लघवी गडद पिवळी दिसली की समजा पाणी कमी पडतंय. खिशात गूळ आणि शेंगदाणे कायम असू द्या.

एक विनंती. पहिल्या दिवसांत शहरी सवयीनं "चहा अजून नाही आला का" असं तोंडून निघतं. समोरच्या घरात दोन एकर कापूस असतो आणि आज आलेली तुम्ही सतरावी मूर्ती असता. मिळेल ते घ्या, ताट स्वतः घासा, जमल्यास अंगण झाडून निघा.

या टप्प्यात थांबावं अशी ठिकाणं कोणती?

बकावां गावात नर्मदेच्या दगडांतून शिवलिंगं घडवतात. घरोघरी घासण्याचा आवाज चालू असतो आणि पायरीवर ओल्या पांढऱ्या भुकटीचा थर. वाटेत लाल मिरचीची वाळवणं लागतात, बेडियाची मिरचीबाजारपेठ याच भागातली. वाऱ्याच्या दिशेनं चालत असाल तर पदर नाकाला लावा.

रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांची समाधी आहे. २८ एप्रिल १७४० रोजी ते इथे वारले, वैशाखातल्या उन्हात, घरापासून इतक्या लांब. आम्ही पोचलो तेव्हा सकाळचं धुकं होतं, पलीकडचा तट दिसत नव्हता आणि दगडी ओट्यावर दवाचे थेंब होते. वहिनींनी पंचानं ओटा पुसला आणि त्या बराच वेळ तिथेच बसून राहिल्या. मराठी माणसानं ही जागा ओलांडून पुढे जाऊ नये.

तेली भट्याणला सियाराम बाबांचा आश्रम. बाबा डिसेंबर २०२४ मध्ये गेले. दहा रुपयांहून जास्त दान ते घेत नसत. नावडातोडीहून समोर महेश्वरचा अहिल्यादेवींचा घाट दिसतो, तो या तटावरूनच पाहायचा. याच नावडातोडीला १९५० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळातली वस्ती उजेडात आणली. संध्याकाळी पलीकडे दिवे लागतात. तिथे मुक्काम करा.

बीपी किंवा शुगर आहे, जाता येईल का?

डॉक्टरांना विचारून, आणि त्यांना नीट सांगून की रोज पाच-सहा तास चालणार आहे. थंडीत रक्तदाब वाढतो, चालण्यानं साखर उतरते, त्यामुळे गोळ्यांचं प्रमाण बदलावं लागू शकतं. आपण होऊन गोळी बंद करू नका.

बाईनं एकटीनं जावं का?

अनेक जणी जातात. मी पहिल्या टप्प्यात तरी दुकटं असावं असं म्हणेन, तेही भीतीपोटी नाही. रात्री ताप चढला तर पाणी द्यायला कोणी हवं. मुक्काम अंधार पडायच्या आत, पाचला, नक्की करा. पाळीच्या दिवसांत काही जणी तीन-चार दिवस एका जागी थांबतात, काही पूजा न करता चालत राहतात. थांबणार असाल तर आश्रमातल्या माईंना सांगा, त्या जागा देतात.

चालताना कोणी खूप कुडकुडत असेल तर?

कोरडे कपडे, डोकं झाकणं, गोड गरम पेय, आणि माणसाला जमिनीवरून उचलून चटईवर घेणं. बोलणं अडखळायला लागलं, पाय लटपटले किंवा कुडकुडणं थांबूनही माणूस गुंगीतच राहिला, तर तो साधा गारठा नाही. गावातली गाडी मागा आणि दवाखाना गाठा. वाहनात बसल्यानं परिक्रमा मोडेल का हा विचार नंतर करा.

बडवानीनंतर काय बदलतं?

वाट बदलते. सरदार सरोवराच्या फुगवट्यानं जुना काठ पाण्याखाली गेला, बडवानीजवळच्या राजघाटचा मूळ परिसरही त्यात बुडाला. त्यामुळे इथून रस्ता किनारा सोडून सातपुड्यात चढतो, झाडीत शिरतो आणि पुढे नंदुरबार जिल्ह्यात उतरतो. डोंगरात रात्र निमाडापेक्षा गार, वस्ती विरळ, पाणी लांब लांब. म्हणून बडवानीला एक दिवस मुक्काम करा. झोपायची पिशवी आणि चटई दिवसभर कडक उन्हात घाला. मोजे धुवा, फाटलेले टाका. टाचा बघा, एकमेकींच्या बघा, कारण स्वतःची टाच नीट दिसत नाही. सॅक रिकामी करून दहा दिवसांत एकदाही न लागलेली वस्तू बाजूला काढा आणि ती कोणाला तरी द्या. वहिनींनी तिथे आपली दुसरी कानटोपी चहाच्या टपरीवरच्या पोराला दिली. आम्ही सकाळी निघालो तेव्हा ती घालून तो बंब पेटवत होता.